रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' दिसलं की या चुका टाळा: हिपॅटायटिसची तपासणी आणि गोळ्यांचा त्रास

अमळनेरच्या एका लॅबमध्ये मी सतरा वर्षं रक्त काढतोय. साखर वाढलेली निघाली तर माणूस चष्मा लावून आकडा वाचतो, 'बघू' म्हणतो आणि जातो. हिपॅटायटिसचा, म्हणजे लिव्हरला सूज आणणाऱ्या विषाणूचा, रिपोर्ट मात्र काउंटरवरच चार घड्या करून आतल्या खिशात जातो, आणि कोणी बघितलं तर नाही ना म्हणून मान मागे वळते. पुढच्या चुका तिथूनच सुरू होतात. बऱ्याच मी काउंटरच्या अलीकडून पाहिल्यात, दोन-तीन तर आमच्या घरातच झाल्या. नाना, माझा थोरला भाऊ, पारोळा तालुक्यात कापूस लावतो. हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत त्याला हिपॅटायटिस सी निघाला. १९९४ साली ट्रॅक्टरखाली पाय गेला तेव्हा रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. बहुधा तेव्हाचंच असावं, त्या काळी रक्तपेढ्यांत सी ची तपासणी सक्तीची नव्हती.

पट्टीवरची दुसरी रेघ म्हणजे निकाल समजणं

तपासणीची पट्टी करंगळीएवढी असते. रक्तातलं पाणी वेगळं काढून त्याचा थेंब टाकायचा, वरून औषधाचे थेंब, मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. फक्त कंट्रोलची, म्हणजे पट्टी चालतेय हे दाखवणारी, रेघ उमटली तर निगेटिव्ह, तिच्यासोबत दुसरीही उमटली तर पॉझिटिव्ह. कंट्रोलची नाही उमटली तर पट्टीच बाद. वेळ उलटून गेल्यावर तासाभराने उमटलेली फिकट रेघ धरायची नसते. वेळेत आलेली फिकट रेघ मात्र सोडायचीही नसते.

सी च्या पट्टीवर शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या अँटीबॉडी दिसतात, विषाणू स्वतः दिसत नाही. नानाला मी त्याच्याच भाषेत सांगितलं होतं: कपाशीत रानडुक्कर शिरलं की माग दिसतो, पण डुक्कर अजून आत बसलंय की निघून गेलं, हे मागावरून कळत नाही. त्यासाठी एचसीव्ही आरएनए ही विषाणू स्वतःच शोधणारी दुसरी तपासणी लागते. सी ची लागण झालेल्या शंभरातल्या १५ ते ४५ जणांच्या अंगातून विषाणू औषधाशिवाय सहा महिन्यांत निघून जातो. त्यांची पट्टी तरीही पॉझिटिव्हच येत राहते. म्हणजे आरएनए न करता 'मला सी आहे' म्हणत वर्षं काढणारे काहीजण मुळात बरे झालेले असतात.

हिपॅटायटिस बी चं गणित उलटं आहे. बी च्या तपासणीत शोधतात ते एचबीएसएजी हे विषाणूच्याच वरच्या आवरणाचं प्रथिन आहे, त्यामुळे पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आत्ता अंगात आहे. तो नवा आहे की जुना, हे ठरवायला सहा महिन्यांनी पुन्हा तपासतात. सहा महिन्यांनंतरही राहिला तर जुनाट. जुने डॉक्टर याला अजून 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणतात, कारण बारुख ब्लूमबर्ग यांना तो आधी एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात सापडला. एका बाईंनी मला काकुळतीने विचारलं होतं, "भाऊ, आम्ही तर नाशिकच्या पुढे गेलो नाही, हे ऑस्ट्रेलियाचं कुठून आलं?" ब्लूमबर्ग यांना १९७६ चं नोबेल मिळालं. २८ जुलैचा जागतिक हिपॅटायटिस दिन त्यांच्याच वाढदिवसाचा.

याच्याशी मिळतंजुळतं नाव अँटी-एचबीएस. ते पॉझिटिव्ह असणं चांगलं, म्हणजे लसीचा किंवा आधीच्या लागणीचा बचाव अंगात आहे. दोन्ही नावांत गल्लत करून रडत आलेले लोक मी पाहिलेत. लस घेतल्यावर दोन-तीन आठवड्यांत एचबीएसएजी केली तर ती लसीमुळेच पॉझिटिव्ह दिसू शकते, तेवढे दिवस थांबा.

उलट घाईही नडते. काल सुई टोचली आणि आज रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणून निर्धास्त होऊ नका. सी च्या अँटीबॉडी दिसायला साधारण ८ ते ११ आठवडे लागतात. आरएनए त्याच्या बरीच आधी, एक-दोन आठवड्यांत दिसते.

डोळ्यांवर विश्वास ठेवणं

'डोळे पांढरे आहेत, जेवण जातंय, मग मला कशाची कावीळ?' बी आणि सी वीस-तीस वर्षं काही न बोलता लिव्हरमध्ये राहू शकतात. एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणूनही ते नाहीत असं होत नाही.

दुसरी बाजू आमच्याकडे जास्त दिसते. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. त्या आजारात रक्तपेशी लवकर फुटतात आणि डोळे हिपॅटायटिस नसतानाही पिवळे दिसतात. अशा मुलाला 'कावीळ उतरवायला' नेण्यात दिवस घालवू नका. पण सिकलसेलमध्ये वारंवार रक्त चढवलेलं असेल तर बी-सी ची तपासणी करून घ्याच. काही धडधाकट माणसांचे डोळे नवरात्राच्या उपवासात पिवळसर होतात आणि जेवायला लागल्यावर निवळतात. त्याला गिल्बर्ट म्हणतात, त्याला औषध लागत नाही. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना लघवी गडद पिवळी झाली तर आधी पाणी प्या. लिटर-दोन लिटर पोटात जाऊनही ती मोहरीच्या तेलासारखी राहिली, तर मात्र लॅब गाठा.

माळ, नाकात थेंब, डाग: यांवर फार लिहीत नाही. पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप जाते आणि श्रेय माळेला मिळतं. बी-सी ला माळ माहीतच नाही. काढ्यांबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. 'झाडपाल्याचं आहे, नुकसान कशाचं' हे आजारी लिव्हरसमोर चालत नाही. सातपुड्याकडची मोहाची दारूही तशीच. घरची असली तरी ती दारूच.

ताट वेगळं, मन वेगळं

नानाचा रिपोर्ट आला त्या रात्री वहिनींनी त्याचा तांब्या, ताट, वाटी वेगळी करून ओसरीतल्या कोनाड्यात ठेवली. वाईट हेतू नव्हता, भीती होती. बी-सी रक्तातून पसरतात. एका ताटात जेवून, मिठी मारून, खोकल्याने पसरत नाहीत. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश, नेलकटर. न्हाव्याकडे नवीन ब्लेड मागा. यात्रेत एकाच सुईने गोंदवू नका. उगाच 'सलाईन लावा, सुई मारा' म्हणून मागे लागू नका. बी शरीरसंबंधातूनही पसरतो, म्हणून जोडीदाराची तपासणी आणि निगेटिव्ह असेल तर लस: आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी. गरोदर बाई एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन), हे बाळंतपणाआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. आईने दूध पाजायला हरकत नाही.

ज्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं, तिथे नानाच्या पलंगाला लाल अक्षरांत चिठ्ठी लावली होती. शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांनी पलंग सरकवून घेतला. त्याचा राग अजून आहे.

गोळ्या आणि त्यांचा त्रास

भीतीचं मूळ जुन्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांत आहे. त्यांनी ताप यायचा, हुडहुडी भरायची, मन खचायचं, केस गळायचे. सी वर आता रोज तोंडाने घ्यायच्या गोळ्या आहेत: सोफोसबुविरसोबत डॅक्लाटासविर किंवा वेलपाटासविर, बहुतेकांना १२ आठवडे. शंभरात पंचाण्णवच्या आसपास बरे होतात. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार इथल्या जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय मेडिकल कॉलेजात चौकशी करा, खाजगीत पैसे ओतण्याआधी.

नानाचं लिव्हर फायब्रोस्कॅनमध्ये (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) कडक निघालं, म्हणून त्याला सोफोसबुविर-वेलपाटासविरची एकच गोळी लागली. ८४ दिवस, ८४ गोळ्या. सुरू करण्याआधी बी चीही तपासणी केली, कारण सी दबला की झोपलेला बी जागा होऊ शकतो. हे कोणी केलं नसेल तर तुम्ही विचारा.

पाचव्या आठवड्यात मी घरी गेलो तेव्हा डबीत चार गोळ्या जास्त निघाल्या. विचारलं तर म्हणाला, "गोई खादी का डोकं दुखस, नही खादी ते नही दुखत. मंग खाऊ कसाले?" कोणाला न सांगता त्याने चार दिवस सोडले होते. मी सगळ्यात मोठी चूक हीच मानतो, त्रासापेक्षाही मोठी. डोकेदुखी, थकवा, मळमळ, झोप न लागणं या गोळ्यांत होतं, बहुतेकांना सौम्य. नानाला आम्ही गोळी सकाळी नाश्त्यानंतर द्यायला लागलो, दुपारी शेतात जाणं बंद केलं, पाणी वाढवलं. पोटात पाणी झालेलं असेल तर मात्र पाणी आणि मीठ किती, हे डॉक्टर ठरवतील. दहा-बारा दिवसांत डोकं निवळलं.

डोकेदुखीवर तो किराणा दुकानातली 'अंगदुखीची' पुडी घ्यायचा. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं कडक लिव्हरवाल्याला किडनीचा आणि रक्तस्रावाचा धोका देतात. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल सांगितलं, पण दिवसभरात २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या जास्तीत जास्त चार गोळ्या.

आम्लपित्ताची गोष्ट आणखी कपटी. शेवभाजी खाल्ली की नाना पॅन्टोप्राझोल घ्यायचा, गुपचूप. ही गोळी आणि अँटासिडची पातळ औषधं वेलपाटासविर अंगात शोषलं जाणं कमी करतात. कुठलं ॲसिडिटीचं औषध किती तासांच्या अंतराने, की अजिबातच नाही, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. टीबीची रिफॅम्पिसिन आणि हृदयाची अमिओडारोन चालू असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. अमिओडारोनसोबत सोफोसबुविर घेतल्यास नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते. मधुमेह असेल तर साखर वरचेवर बघा. विषाणू गेल्यावर साखर खाली येते आणि जुना डोस जास्त पडतो. मधुमेही नानाला एकदा कापूस निंदताना घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी आली होती, ती याचीच.

गोळी विसरलात तर? सोफोसबुविर-वेलपाटासविरची गोळी १८ तासांच्या आत आठवली तर लगेच घ्या. त्यापुढे गेलं तर ती सोडून नेहमीच्या वेळी पुढची घ्या. दोन एकदम नाहीत. गोळीनंतर तीन तासांत उलटी झाली तर आणखी एक लागते. नानाने डबी ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवली होती, मे महिन्यात. ३० अंशांच्या आत ठेवा, माठाशेजारच्या फडताळात चालेल.

सी च्या गोळ्यांसोबत काहींना देतात ते रिबाव्हिरिन जोडलं असेल तर हिमोग्लोबिन उतरतं. धाप, चक्कर येत असेल तर 'अशक्तपणा' म्हणून बसू नका, रक्त तपासा. सिकलसेल असेल तर आधीच सांगा, त्यांना ते द्यायचं नसतं. या औषधात आणि नंतरही डॉक्टर सांगतील तितके महिने गर्भ राहू द्यायचा नाही, नवरा घेत असला तरीही.

बी च्या गोळ्यांचं वेगळं. टेनोफोविर, एन्टेकाविर बरीच वर्षं चालतात, आणि प्रत्येक बी वाल्याला त्या लागतातच असं नाही. काहींना फक्त सहा महिन्यांनी तपासणी पुरते. एन्टेकाविर रिकाम्या पोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाच्या दोन तास आधी. टेनोफोविरवर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वेळोवेळी. 'रिपोर्ट चांगला आला' म्हणून मनाने बंद केलं तर विषाणू उसळून लिव्हर निकामी होऊ शकतं.

काळी शौच, रक्ताची उलटी, पोट फुगणं, बरळणं, दिवसा झोपेत बुडून राहणं: यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता रात्रीच गाडी काढा.

खाण्याबद्दल एवढंच. 'हळद बंद, तेल बंद, डाळ बंद' करून आजारी माणसाला हाडकुळं करू नका. वरण, दूध, अंडी, कळण्याची भाकरी चालू द्या. लिव्हर कडक असेल तर रात्री झोपण्याआधी काहीतरी खाल्लेलं बरं असतं. नानाला आम्ही केळं आणि दूध द्यायचो.

गोळ्या संपल्या की लोक थेट पेढे वाटतात. खरा रिपोर्ट शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी करायच्या आरएनएचा. नानाचा 'नॉट डिटेक्टेड' आला. लिव्हर कडक असल्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी मात्र चालूच आहे, ती चुकवायची नाही.

पुढच्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन दुसरीकडे ठरलं. तिथल्या लॅबमधल्या पोराने पट्टी बघितली आणि आवाज खाली आणला, "काका, जरा बाजूला येता का?" नानाने पिशवीतून प्लास्टिकची फाईल काढली, आरएनएचा कागद वर ठेवला आणि म्हणाला, "माग शे, डुक्कर नही."

पोराला काही कळलं नाही. कागद वाचल्यावर कळलं. ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं.