लेझरने रेणू फोडायचाय? आधी तुकडे मोजायला शिका

रेणू फोडणं सोपंय हो. ८०० नॅनोमीटरचा टायटेनियम सफायर लेझर घ्या, ३० फेम्टोसेकंदाचा (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा १० चा उणे १५ वा घात) पल्स घट्ट फोकस करा, तिथे सापडलेल्या रेणूचे दोन इलेक्ट्रॉन उडाले की उरलेले धन तुकडे एकमेकांना ढकलत सुटतात, यालाच कूलोम एक्स्प्लोजन म्हणतात. खरी मारामारी नंतरची आहे, कुठला तुकडा कुणाचा आणि फुटताना बाँड किती ताणला होता हे सांगताना घाम फुटतो.

गॉगल आधी घाला. ८०० नॅनोमीटर डोळ्याला जेमतेम लालसर दिसतो त्यामुळे पापणी मिटत नाही आणि रेटिना जातो. अंगठी, घड्याळ काढून ठेवा.

मग इंटेन्सिटी. पॉवर मीटर १०० मिलिवॅट दाखवतोय आणि लेझर १ किलोहर्ट्झचा असेल तर एका पल्समध्ये १०० मायक्रोजूल झाले, पल्स ३० फेम्टोसेकंदाचा आणि स्पॉटची त्रिज्या २० मायक्रॉन धरली की साधारण ५ गुणिले १० चा १४ वा घात वॅट प्रति चौरस सेंटीमीटर येतात. हा आकडा थिसिसमध्ये तसाच टाकू नका! व्हॅक्यूम चेंबरची खिडकी पल्स ताणते, आणि पल्स जितका छोटा तितका जास्त: १० फेम्टोसेकंदाचा पल्स ५ मिलिमीटर फ्यूज्ड सिलिकातून गेला की जवळपास पाचपट लांब होतो, मग चर्प्ड मिररने (ताणलेला पल्स परत आखूड करणारे आरसे) भरपाई करावी लागते. म्हणून आधी आर्गॉन सोडा, दोनदा आयनीभूत (दोन इलेक्ट्रॉन गेलेला) आणि एकदा आयनीभूत आर्गॉनचं गुणोत्तर काढा, छापलेल्या वक्राशी ताडून बघा. फोकसच्या कडेला इंटेन्सिटी कमी असते आणि तिथलेही आयन डिटेक्टरवर येतातच, हे डोक्यात ठेवा.

टाइम ऑफ फ्लाइटचं, म्हणजे आयनाला डिटेक्टरपर्यंत पोचायला लागलेल्या वेळेचं, कॅलिब्रेशन सोपं, वेळ ही वस्तुमान भागिले चार्ज याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, वर एक स्थिर ऑफसेट. आर्गॉनचा ४० आणि चेंबरमधल्या उरलेल्या पाण्याचा १८, दोन पीक पुरतात. नायट्रोजनवर मात्र नवीन माणूस हमखास फसतो, कारण तुटलेला एन प्लस (एक अणू, एक चार्ज) आणि न तुटलेला एन टू डबल प्लस (दोन अणू, दोन चार्ज) दोघंही १४ वरच येतात. वेगळे कसे ओळखायचे तर रुंदी बघा. न तुटलेला थंड जेटमधून (गॅसच्या थंड झोतातून) तसाच येतो म्हणून बारीक सुईसारखा पीक, तुटलेला ऊर्जा घेऊन पळतो म्हणून पसरट, बहुतेक वेळा मधे खड्डा.

आता काउंट रेट, इथे माझे स्वतःचे चार दिवस वाया गेलेत. डेटा पटापट यावा म्हणून गॅसचं प्रेशर वाढवलं, शॉटमागे सरासरी एक रेणू आयनीभूत व्हायला लागला, ग्राफ एकदम भरगच्च, आणि मग कळलं की ज्या शॉटमध्ये काहीतरी घडलंय त्यातल्या ४२ टक्क्यांत दोन किंवा जास्त रेणू आहेत, म्हणजे दोन वेगळ्या रेणूंचे तुकडे मी एकाच घरचे म्हणून जोडत बसलो होतो. सरासरी ०.१ वर ठेवा, हाच आकडा ५ टक्क्यांवर येतो. हळू जातं, कंटाळा येतो, चालवून घ्या. शिवाय जोडीच्या संवेगांची बेरीज तिन्ही दिशांनी शून्याजवळ येते का ते तपासा, नसेल येत तर ती जोडी फेकून द्या, मोह नको.

उरलेल्या जोड्यांवरून काढा केईआर, म्हणजे दोन्ही तुकड्यांची मिळून गतिज ऊर्जा. दोघांवर एकेक चार्ज असेल तर १४.४ ला अँगस्ट्रॉममधल्या अंतराने भागा, उत्तर इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये. नायट्रोजनचा बाँड १.१ अँगस्ट्रॉमचा, म्हणजे १३.१ यायला हवं. प्रत्यक्षात कमीच येतं, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एक तर दुसरा इलेक्ट्रॉन जाईपर्यंत बाँड ताणलेला असतो, दुसरं म्हणजे इतक्या जवळ दोन अणू नुसते बिंदू चार्ज नसतात, थोडा बाँड अजून शिल्लक असतो. यातलं कुठलं कारण किती हे कळायला पल्सची लांबी बदलून परत मोजा. पल्स छोटा केल्यावर केईआर वर सरकला तर ताणण्याचा वाटा खरा. डी टू मध्ये (जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियमचा रेणू) हे फार छान दिसतं, तिथे अणू अडीच ते पाच अँगस्ट्रॉमवर गेले की दुसरा इलेक्ट्रॉन पटकन सुटतो. आणि तिथेच १ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खालचे डी प्लस दिसले तर त्यांना कूलोम एक्स्प्लोजन समजू नका, ते बहुधा बाँड सॉफ्टनिंगचे, म्हणजे लेझरने बाँड ढिला होऊन एकच इलेक्ट्रॉन गेलेला रेणू तुटल्याचे, त्यांचा जोडीदार न्यूट्रल असतो म्हणून जोडी सापडतच नाही.

हाफ वेव्ह प्लेट (लेझरच्या पोलरायझेशनची दिशा फिरवणारी चकती) फिरवून बघा, तुकडे पोलरायझेशनबरोबर फिरले पाहिजेत, नाही फिरले तर डिटेक्टरवर संशय घ्या. पोलरायझेशन सर्क्युलर केलं की सुटलेला इलेक्ट्रॉन परत येऊन रेणूवर धडकायचा जवळपास बंद होतो, त्यामुळे तोही फरक नोंदवून ठेवा. सीओ टू सारख्या रेणूचे तीन तुकडे नंतर बघा, न्यूटन डायग्राममध्ये (तिन्ही तुकड्यांचे संवेग एकाच चित्रात, एकाच्या दिशेच्या सापेक्ष) अर्धवर्तुळ दिसलं तर एक बाँड आधी आणि दुसरा थोडा थांबून तुटलाय.

पंप प्रोब (एका पल्सने सुरुवात, थोड्या वेळाने दुसऱ्याने तपासणी) करणार असाल तर डिले स्टेज (दोन पल्समधलं अंतर बदलणारं सरकतं टेबल) १५ मायक्रॉन हलली की १०० फेम्टोसेकंद सरकतात, तेव्हा झीरो डिले, म्हणजे दोन्ही पल्स एकाच वेळी येतात ती जागा, आधी आर्गॉनवरच शोधून घ्या, थेट रेणूवर शोधायला गेलात तर रात्र तिथेच जाते.