डीव्हीडी प्लेअरला ५.१ होम थिएटर कसे जोडावे

बऱ्याच घरांत पाच स्पीकर आणि वूफर थाटात मांडलेले असतात, पण प्लेअरमागून निघते ती फक्त लाल-पांढरी वायर. सहाही स्पीकर वाजतात, म्हणून कोणाला शंका येत नाही. मात्र त्या वायरीतून दोनच चॅनल जातात आणि तेच सगळीकडे वाटले जातात. ५.१ (पाच स्पीकर आणि एक वूफर, प्रत्येकाचा वेगळा चॅनल) डिस्कवर संवाद मधल्या स्पीकरसाठी, मागून येणारे आवाज मागच्यांसाठी वेगळे भरलेले असतात. पैसे त्यासाठी मोजलेत, तर ते ऐकायला मिळालेच पाहिजे.

आधी दोन्ही डबे बोर्डावरून बंद करा आणि त्यांची मागची बाजू नीट पाहा.

होम थिएटरला कोएक्शियल (बहुधा नारिंगी) पिन किंवा चौकोनी ऑप्टिकल खाच असेल आणि डब्यावर डॉल्बी डिजिटलची (डिस्कवर ५.१ आवाज भरण्याची एक पद्धत) खूण असेल, तर काम सोपे आहे. प्लेअरच्या तशाच पिनेपासून एकच वायर आणा. कोएक्शियल वायर मिळत नसेल तर घरातली जादा पिवळी व्हिडिओ वायर लावा; दोन्ही ७५ ओहमच्याच असतात, त्यासाठी बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) चक्कर मारायला नको. ऑप्टिकल वायरीच्या टोकांवरची प्लास्टिकची टोपणे काढायला विसरू नका, आणि ती कुठेही करकचून वाकवू नका.

स्वस्तातल्या बऱ्याच सिस्टिमला डिकोडर (डिजिटल आवाज उलगडणारा भाग) नसतो, मागे सहा पिना असतात: एफएल, एफआर (पुढचा डावा, उजवा), सी (मधला), एसएल, एसआर (मागचा डावा, उजवा), एसडब्ल्यू (वूफर). मग प्लेअरलाही तशाच सहा पिना हव्यात. नावाला नाव जुळवून सहाही वायरी लावा आणि प्लेअरच्या मेनूत डाउनमिक्स (सगळे चॅनल दोनांत मिसळणे) बंद करा. सिस्टिमला लाल-पांढऱ्याच पिना असतील, तर खरा ५.१ मिळणार नाही.

टीव्हीला चित्र एचडीएमआयने जात असले तरी आवाजाची वायर थेट होम थिएटरलाच न्या.

स्पीकरच्या वायरी सोलताना अर्धा इंच तांबे पुरे. लाल लालला, काळे काळ्याला. एखाद्या स्पीकरचे उलटे लागले तर तोही वाजतो, पण आवाज पोकळ होतो आणि बास पडतो. एका टोकाचा सुटा तार दुसऱ्याला टेकू देऊ नका, अँप्लिफायर जळू शकतो.

आता सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट. प्लेअरच्या सेटअपमध्ये ऑडिओत जाऊन डिजिटल आउटपुट शोधा. डिजिटल वायर लावली असेल तर तिथे ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘रॉ’ निवडा. ‘पीसीएम’ राहिले तर वायर बरोबर असूनही साधारणपणे दोनच चॅनल येतात. मग होम थिएटरच्या रिमोटवर, जिथे वायर लावली तोच इनपुट निवडा.

तपासायला व्हीसीडी घेऊ नका, तिच्यात स्टिरिओच असतो. डीव्हीडी लावा आणि डिस्कच्या मेनूतून ५.१चा ट्रॅक निवडा. डीटीएस (डॉल्बीसारखीच दुसरी पद्धत) ट्रॅकवर नुसती खरखर आली किंवा आवाजच आला नाही, तर सिस्टिमला डीटीएस उलगडता येत नसावे. डॉल्बीचा ट्रॅक घ्या.

मांडणीत पुढचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर, मधला टीव्हीखाली. मागचे दोन कानांच्या बाजूला, जरासे मागे आणि थोडे वर. नागपुरात मात्र खिडकीतला कूलर ध्यानात ठेवावाच लागतो. त्याच्या झोतात स्पीकर ठेवू नका. दमट हवेने कागदी कोन ढिला पडतो, वायरींची टोके हिरवी पडतात. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत संवाद बुडाले, तर सगळा आवाज वाढवण्याऐवजी फक्त मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने चढवा. रात्री शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून प्लेअरच्या मेनूतले डायनॅमिक रेंज चालू करा. धडाके खाली येतात आणि बोलणे स्पष्ट राहते.