नवा फायबर मोडेम नीट चालत नसेल तर: आधी दिवे बघा, रीसेट नंतर

नवं फायबर कनेक्शन घेतलं, जोडणीवाला माणूस जाताना सगळं चालू दाखवून गेला आणि संध्याकाळी नेट गायब. अशा वेळी बहुतेकांचा हात डब्याच्या मागच्या बारीक भोकाकडे जातो. तिथे टाचणी घालू नका. ते रीसेटचं बटण आहे. दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की कंपनीने भरलेलं लॉगिन नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (कंपनीच्या नेटवर्कमधला तुमच्या लाइनीचा क्रमांक) बहुतेक मोडेमांत पुसले जातात, आणि मग किरकोळ बिघाडासाठीही माणूस बोलवावा लागतो. बंद-चालू करायचं तर भिंतीवरच्या बटणावरून करा. ३० सेकंद थांबा, चालू करा आणि पुढची चार-पाच मिनिटं काहीही करू नका. डब्याला लाइन पकडून लॉगिन व्हायला एवढा वेळ लागू शकतो.

अडॅप्टरही तपासा. बहुतेक फायबर मोडेमांना १२ व्होल्ट लागतात. सेट-टॉप बॉक्स किंवा जुन्या राउटरचा ५ किंवा ९ व्होल्टचा अडॅप्टर त्याच भोकात छान बसतो, पण डबा अर्धवट चालू होतो किंवा सारखा रीस्टार्ट होतो. डब्यावर आणि अडॅप्टरवर व्होल्ट एकच हवेत. अँपिअर अडॅप्टरवर जास्त असले तर चालतं, कमी असले तर नाही.

आता दिव्यांकडे. घरात सगळे मोडेम म्हणत असले तरी हा डबा म्हणजे ओएनटी, फायबरमधून आलेल्या प्रकाशाचं नेटमध्ये रूपांतर करणारं यंत्र. त्यावर पॉवर, पॉन (कंपनीच्या यंत्राशी जोडणी), लॉस (सिग्नल तुटल्याचा इशारा), इंटरनेट, लॅन आणि वाय-फाय असे दिवे असतात.

लॉस लाल लागला किंवा लुकलुकतोय, याचा अर्थ डब्यापर्यंत पुरेसा प्रकाश पोचत नाही. वाय-फायचा पासवर्ड बदलून काही होणार नाही. वायर बघा. डब्यात जाणारी पिन बहुधा हिरवी असते. ती ‘टक्’ आवाज येईपर्यंत आत गेली आहे का? नव्या घरात ही पिन अर्धवट बसलेली असणं फार नेहमीचं. मग पिवळी किंवा पांढरी पॅचकॉर्ड (डब्याला जोडलेली बारीक फायबर वायर) पूर्ण लांबीभर नजरेखालून घाला. दाराच्या बिजागरीत, सोफ्याच्या पायाखाली, कपाट आणि भिंतीच्या फटीत ती चेपते. उरलेल्या वायरची गुंडाळी निदान ६ सेंटिमीटर व्यासाची ठेवा. करकचून बांधलेल्या वायरीतून प्रकाश वळणावरच बाहेर निसटतो.

पिनेचा रंग शोभेसाठी नाही. हिरव्या पिनेचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळीचं सपाट असतं. दोन्ही एकमेकींत बसतात, पण टोकं भिडत नाहीत आणि बराच प्रकाश वाया जातो. हिरव्याला हिरवी, निळ्याला निळी. टोकाला बोट लावू नका, बोटाचा तेलकटपणा पुरेसा नडतो. पुसायचंच तर धागे न सोडणाऱ्या कोरड्या टिशूने एकाच दिशेने. वायरीच्या टोकात डोकावून बघू नका. तो लेझर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिथे नाही असं होत नाही.

प्रकाश किती येतोय हे घरबसल्या कळतं. डब्याखालच्या स्टिकरवरचा पत्ता (अनेकदा १९२.१६८.१.१) ब्राउझरमध्ये टाका, स्टिकरवरच्या नाव-पासवर्डने आत शिरा आणि ऑप्टिकल माहितीच्या पानावर आरएक्स पॉवर (डब्यापर्यंत पोचलेल्या प्रकाशाची ताकद) शोधा. आकडा उणे असतो. उणे १५ ते उणे २४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं एकक) असेल तर वायरीची चिंता सोडा. उणे २७ ही नेहमीच्या जीपॉन (घरगुती फायबरच्या एका प्रचलित पद्धतीच्या) डब्याची सीमा, त्याखाली प्रकाश पुरत नाही. उणे २६वर चाललेलं कनेक्शन पहिल्या पावसात, बाहेरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं की पडणार हे धरून चाला. ३ डीबी घट म्हणजे प्रकाश निम्मा. बाहेर एका लाइनीचे दोन फाटे काढले तरी साधारण तेवढी घट होते, म्हणून शेजारच्या नव्या जोडणीनंतर तुमचं नेट बिघडलं असेल तर ते तक्रारीत नक्की सांगा.

लॉस विझलेला, पण पॉन लुकलुकतच राहतो? प्रकाश येतोय, पण कंपनीकडचं यंत्र तुमच्या डब्याला ओळखत नाही. बहुतेक वेळा सिरियल नंबर चुकीचा नोंदलेला असतो, आणि हे काम कंपनीच्याच हातात आहे. तुम्ही नंबर अचूक वाचून दाखवा. आधी निर्मात्याची चार अक्षरं, मग आठ चिन्हं. या आठांत आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं येतात, म्हणजे ‘ओ’ वाटलं तरी ते शून्यच. ‘बी’ आणि ‘८’ मात्र भिंग लावून बघा.

पॉन स्थिर आणि इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल, म्हणजे गाडी लॉगिनवर अडली. पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटवर्कवर लॉगिन करायच्या पद्धतीचं) नाव-पासवर्ड कंपनीकडून लिहून घ्या. फोनवर ऐकून भरू नका. संगणकावर ६९१ हा एरर आला तर यातलंच काहीतरी चुकलंय, किंवा तुमचं आधीचं सेशन अजून सुटलेलं नाही. काही कंपन्या लॉगिन जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला (प्रत्येक यंत्राच्या ओळख क्रमांकाला) बांधून ठेवतात. राउटर बदलला असेल तर तो बांध सोडायला सांगा. ब्रिज मोडमध्ये, म्हणजे ओएनटी फक्त सिग्नल पुढे देतो तेव्हा, लॉगिन फक्त तुमच्या राउटरवर भरायचं, ओएनटीवर नाही. काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, असं दिसलं तर राउटरमध्ये एमटीयू (एका वेळी पाठवायच्या डेटाच्या तुकड्याचा कमाल आकार) १४९२ करून बघा. नेहमीच्या १५०० पैकी ८ बाइट पीपीपीओई खातं.

ओएनटीला स्वतःचा राउटर जोडलाय आणि दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१? मग भांडण ठरलेलं. राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ करा किंवा त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वाय-फाय पुरवण्यापुरता) टाका.

सगळे दिवे हिरवे, तरी वेग रडतोय? वाय-फायला दोष देण्याआधी लॅपटॉप लॅनच्या वायरीने जोडून मोजा. ३०० एमबीपीएसच्या प्लॅनवर वायरीनेही ९४-९५च येत असेल तर कुठेतरी १०० एमबीपीएसचा अडसर आहे. गिगाबिटला लॅन वायरीतल्या आठही तारा लागतात, एक तुटली की वेग १००वर घसरतो. काही डब्यांत एकच पोर्ट गिगाबिट असतं. त्यावर जीई लिहिलेलं असतं, बाकीच्यांवर एफई. वायरीने वेग पूर्ण मिळाला तर मात्र दोष वाय-फायचा. डबा टीव्हीमागून किंवा लोखंडी कपाटावरून काढून उंच, मोकळ्या जागी ठेवा. जवळच्या फोन-लॅपटॉपना ५ गिगाहर्ट्झ द्या. भिंतीपलीकडे आणि स्मार्ट प्लगसाठी २.४ ठेवा, त्यात चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचं निवडा.

एवढं करूनही अडलं तर तक्रार नोंदवताना ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नका. कोणता दिवा कसा आहे, आरएक्स पॉवर किती आणि वायरीने वेग किती, हे तिन्ही सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. माणूस आला की तो निघण्यापूर्वी त्याच्या पॉवर मीटरवरचा आकडा स्वतः बघा आणि तारखेसह डब्याखालच्या स्टिकरशेजारी लिहून ठेवा. पुढच्या वेळी ताडून बघायला तोच लागेल.