कपाशीचं गुंडाळलेलं पान फवारणीआधी उकलून पाहा

पोळ्याची अमावस्या तोंडावर आली. कपाशी पात्यांवर, म्हणजे कळ्यांवर, आहे, आभाळ भरून आहे. याच काळोखात बोंडअळीचे पतंग जास्त अंडी घालतात, असा आमच्या शिवारातला जुना अनुभव. या आठवड्यात बाकी काही राहिलं तरी चालेल, पण गुंडाळलेलं पान दिसलं की पंप उचलण्याआधी ते उकला.

आत काळी लेंडी आणि कुरतडलेली कड दिसली, तर ती पाने गुंडाळणारी अळी. पांढऱ्या रेशमाची स्वच्छ पिशवी असेल आणि आत फिकट पिवळा, काळपट जबड्यांचा कोळी दबून बसला असेल, तर पान तसंच मिटवा. हा जाळं विणून वाट पाहत नाही. दिवस पिशवीत काढतो आणि अंधार पडला की पानोपान फिरून किडींची अंडी, बारक्या अळ्या खातो. बोटाने मात्र डिवचू नका, चावा चांगलाच दुखतो.

दरवर्षी हीच चूक पाहतोय. शेतकरी दुकानात जाऊन सांगतो, "पानावर कोळी आहे." हातात पडतं महागडं कोळीनाशक, वर आणखी दोन औषधं. अहो, लाल कोळी ठिपक्याएवढा, रस शोषणारा. त्याचा या पिशवीतल्या कोळ्याशी काय संबंध? गेल्या हंगामात एका शेतात अशी मिश्र फवारणी झाली आणि पंधरवड्यात पांढऱ्या माशीने पानं चिकट, काळी केली.

या पिशवीवाल्यांच्या एकट्या चेइरॅकँथियम नावाच्या गटात जगभर 200 हून अधिक जाती आहेत. अमेरिकेतल्या कपाशीत यांचा भाऊबंद बोंडअळीची अंडी खातो, आणि पानामागच्या मधग्रंथीतला गोड रसही पितो. इस्राएलमध्ये सफरचंदाच्या बागेत एक जात अळ्यांवर तुटून पडते. जपानमधली मादी गवताचं पातं दुमडून अंडी राखते. पिल्लं शेवटी तिलाच खाऊन वाढतात. आपल्याकडची मादीही अंड्यांपाशीच बसते, म्हणून एका फवाऱ्यात आई आणि पिल्लं दोन्ही जातात.

बाकीची कामं:
- पहिले 60 दिवस पायरेथ्रॉईड गटातली कीटकनाशकं आणि औषधांची मिश्रणं बंद
- दर पानी सरासरी 2 ते 3 तुडतुडे किंवा 10 फुलकिडे झाले तरच फवारणी
- आधी 5 टक्के निंबोळी अर्क: 5 किलो निंबोळी पावडर, 100 लिटर पाणी
- कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) हेक्टरी 5. सलग 3 रात्री दर सापळ्यात रोज 8 पतंग आले की बोंडअळीचा उपाय
- डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली फुलं) तोडून नष्ट करा
- मास्क, हातमोजे घालाच. 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली

गवत राखलेल्या बांधालगतच्या पाच-सहा ओळींत पिशव्या जास्त सापडतात, हा माझा अंदाज. तेव्हा पोळा होईपर्यंत बांधावर तणनाशक मारू नका. रात्री आठनंतर बॅटरी घेऊन त्या बाजूची वीस झाडं पाहा. कोळी फिरताना दिसले, तर दुकानाची फेरी आठवडाभर पुढे ढकला.