खोकला महिनोन्‌महिने जात नाही? थुंकीच्या तपासणीतल्या या चुका टाळा

वाडीवरून सकाळच्या एसटीने तालुक्याच्या लॅबमध्ये आलेली थुंकीच्या नमुन्याची डबी दुपारी उघडावी, तर आत पुष्कळदा नुसती फेसाळ लाळ निघते. लाळेत तोंडातले जंतू वाढतात, फुप्फुसातले कळत नाहीत. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीन खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून बेडका काढा. नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. दमट उष्म्यात तो पिशवीत पडून राहिला की भलतेच जंतू माजतात.

त्याहून महागात पडणारी चूक म्हणजे मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घेऊन मग नमुना देणे. रिपोर्ट 'वाढ नाही' असा येतो आणि घरचे निर्धास्त होतात. लिव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध टीबीच्या जंतूलाही दाबते, त्यामुळे टीबीचे निदान लांबते.

रिपोर्टमधला 'एस' (म्हणजे लॅबमध्ये जंतू त्या औषधाने दबला) पाहून औषध लागू पडणारच असे धरू नका. जुन्या टीबीने श्वासनळ्या रुंदावलेल्या असतील तर स्यूडोमोनास नावाचा जंतू तिथे चिकट थर करून राहतो. लॅबच्या ताटलीत औषधाने मरणारा जंतू त्या थराआड तग धरतो. उलट, 'आर' (म्हणजे जंतू दाद देत नाही) असलेल्या औषधावरही कुणाला उतार पडतो. म्हणून रुग्ण सुधारत असेल तर केवळ कागद बघून औषध बदलायचा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका.

आता कोकणातली खास गोष्ट. मेलिऑइडोसिस या संसर्गाचा जंतू माती-पाण्यात राहतो. पश्चिम किनारपट्टीवर त्याचे रुग्ण सापडतात आणि पावसाळ्यात जास्त. मधुमेह असलेल्या, चिखलात लावणी करणाऱ्या माणसाला धोका अधिक. एक्स-रे हुबेहूब टीबीसारखा दिसू शकतो, आणि लॅबमध्ये हा जंतू स्यूडोमोनास समजला जातो. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या दोन्ही अँटिबायोटिकना दाद न देणारा, पण ऑगमेंटिन या अँटिबायोटिकने दबणारा जंतू दिसला तर लॅबने थांबून पुन्हा ओळख पटवावी. कारण उपचार वेगळे आहेत: आधी किमान 10 ते 14 दिवस शिरेतून सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम, नंतर किमान 3 महिने कोट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकच्या गोळ्या. बरे वाटले म्हणून या गोळ्या मधेच सोडणाऱ्याला आजार पुन्हा गाठतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

तपासणीच्या फॉर्मवर 'खोकला' एवढेच लिहून देऊ नका. साखर आहे का, आधी टीबी झाला होता का, यंदा लावणीला शेतात उतरला होतात का, शेवटची अँटिबायोटिक कधी घेतली, हे सगळे लिहा.