गेलिक फुटबॉल: नवी मुंबईच्या मैदानात सामने एकतर्फी होऊ नयेत म्हणून

आयर्लंडमध्ये हा खेळ १५ जणांचा, मैदान किमान १३० मीटर लांब. वाशी-नेरूळच्या फुटबॉल मैदानावर ९ जणांचे संघच बरे. गोलखांबांना बांबू बांधून उंच करा. चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर १ गुण, खालून गेला तर गोल, म्हणजे ३.

मूळ खेळात २०२५ पासून गोलसमोर ४० मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून मारलेल्या गुणाला २ मिळतात. छोट्या मैदानात कमान २५ मीटरवर आखा. त्याहून जवळ आणली की सगळे लांबूनच मारत सुटतात, गोलकडे कोणी फिरकत नाही. तिकडे प्रत्येक संघाला समोरच्या अर्ध्यात किमान तिघे ठेवावेच लागतात. ९ जणांत दोघे ठेवा, म्हणजे दुबळा संघ सगळा मागे दडून बसत नाही.

गटवारी आधी ठरवू नका. एक साखळी फेरी घ्या, मग आठांपैकी वरच्या चार संघांचा एक चषक, खालच्या चार संघांचा दुसरा. एकतर्फीपणा आयर्लंडमध्येही आहे: तिथे संघ काउंटींचे (जिल्ह्यांचे) असतात, आणि डब्लिनने २०१५ ते २०२० सलग सहा अखिल आयर्लंड विजेतेपदे नेली. खालच्या काउंटींसाठी २०२२ मध्ये टेल्टन चषक सुरू झाला. बाद फेरीत पहिल्याच दिवशी ३० गुणांनी हरलेली पोरं पुढच्या रविवारी येत नाहीत.

जून ते सप्टेंबर स्पर्धा नकोच: चिखलात टप्पा पडत नाही, आणि चेंडू हातात घेऊन पळताना चार पावलांनंतर टप्पा किंवा पायाचा स्पर्श लागतोच.