रडार हिरवं आहे म्हणून बिनधास्त आत सरकलात? या चुका टाळा

गेल्या काही महिन्यांत मला तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला: "सायकलला मागच्या गाड्या टिपणारं रडार घेतलंय, आता हँडलचा आरसा काढून टाकू का?" नका काढू. आणि मान वळवून मागे बघायची सवय तर मुळीच सोडू नका. हे दोन ओळींत सांगून भागत नाही असा अनुभव आहे, म्हणून हा लेख.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर बसणारी, हाताच्या मुठीत मावणारी डबी. मागच्या बाजूला लाल दिवा, आत छोटं रडार. मागून गाडी येत असेल तर हँडलवरच्या सायकल कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर बीप वाजतो आणि पडद्याच्या कडेने एक ठिपका वर सरकू लागतो. ठिपका वर आला, म्हणजे गाडी जवळ आली. काही येत नसेल तेव्हा कडेची पट्टी हिरवी. २०१५ साली गार्मिनने आयकुबू ही स्वीडिश कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी वेरिया या नावाने असं रडार बाजारात आणलं. आता ब्रायटन, वाहू आणि आणखी काही कंपन्यांचीही मिळतात. वस्तू उत्तम आहे. मी स्वतः रडारशिवाय मोठ्या रस्त्यावर जात नाही. तक्रार आहे ती वापरणाऱ्यांबद्दल, आणि त्यात मीही येतो.

हिरवा म्हणजे मागे कुणी नाही, हा समज

ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण ती नवशिक्याकडून होत नाही. रडारची सवय झालेल्याकडून होते.

हे रडार गाडी 'बघत' नाही. ते लहरी सोडतं, परत आलेल्या लहरींच्या वारंवारितेत किती फरक पडला ते मोजतं, आणि त्यावरून ठरवतं की काहीतरी आपल्याकडे येतंय. डॉप्लर परिणाम शाळेत शिकलो होतो तोच: जवळ येणाऱ्या शिट्टीचा आवाज चढा, लांब जाणाऱ्याचा उतरता. आता यातली गोम लक्षात घ्या. मागची गाडी तुमच्याच वेगाने चालली असेल तर तुमच्यातलं अंतर बदलत नाही. अंतर बदलत नाही, म्हणजे रडारच्या हिशेबी काही 'येत' नाही. ठिपका नाहीसा होतो, पट्टी हिरवी होते, आणि गाडी मात्र तुमच्या चाकामागे दहा मीटरवर असते. हा बिघाड नाही. कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. पुस्तिका वाचतो कोण?

मी वाचली नव्हती. रडार घेऊन वर्ष झालं होतं, संध्याकाळची वेळ, चढ आणि वळणाचा रस्ता. मी बारा-चौदाच्या वेगाने वर सरकत होतो. बीप वाजला, ठिपका आला, भराभर वर चढला आणि मध्येच थांबला. काही सेकंदांत पट्टी हिरवी. मी मनाशी म्हटलं, वळली असेल कुठेतरी आत. पुढे रस्त्याची कड पार उखडलेली होती, म्हणून मी न बघता हातभर आत, रस्त्याच्या मध्याकडे सरकलो. नेमक्या त्याच क्षणी मागच्या व्हॅनने पुढे यायला सुरुवात केली. ती कुठेही वळलेली नव्हती. वळणावर ओव्हरटेक करायचं नाही म्हणून चालक बिचारा शहाण्यासारखा माझ्यामागे माझ्याच वेगाने येत होता. तिचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला. जॅकेटला धुळीचा पट्टा उमटला, एवढ्यावर निभावलं. चालक चुकला नव्हता, रडारही चुकलं नव्हतं.

तेव्हापासून मी ठिपक्यांचा जमाखर्च ठेवतो. जेवढे ठिपके आले तेवढ्या गाड्या माझ्या बाजूने पुढे गेल्या का? एक ठिपका आला आणि गाडी पुढे गेलीच नाही, तर ती मागे आहे असंच धरायचं, पडदा हिरवा असो की निळा. मग मान वळवायची, आणि त्यानंतरच जागा बदलायची. हिशेब जुळेपर्यंत रेष सोडायची नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. रडारला आडोशापलीकडचं नीट कळत नाही. ट्रकच्या मागे चिकटून येणारी कार पुष्कळदा ट्रकच्या ठिपक्यातच लपते. ट्रक धडधडत गेला, सुटकेचा श्वास टाकला, आणि आत सरकलात की ती कार अंगावर. म्हणून मोठं वाहन गेल्यावर मी मनात तीन आकडे मोजतो. वळणापलीकडची आणि चढाच्या माथ्यामागची गाडीही अशीच अचानक उगवते. त्यात रडारचा दोष काढण्यात अर्थ नाही.

"पण १४० मीटर म्हणजे खूप झालं की!"

खोक्यावर छापलेला आकडा. जरा सेकंदांत मांडून बघा. तुम्ही २० च्या वेगाने चाललाय, मागची गाडी ६० ने. फरक ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. १४० मीटर संपायला साडेबारा सेकंद. ठीक आहे, तेवढ्यात सावरता येतं. गाडी ८० ने असेल तर साडेआठ सेकंदही मिळत नाहीत. वळण असेल आणि ती ५० मीटरवर पहिल्यांदा दिसली, तर तीन. तीन सेकंदांत पडद्याकडे बघायचं, ठिपक्याचा रंग ताडायचा आणि मग विचार करायचा, हे जमत नाही. म्हणून आवाज चालू ठेवा. मला असे कितीतरी भेटतात ज्यांनी "कटकट नको" म्हणून बीप बंद केलाय आणि नजर सतत पडद्यावर लावलीय. म्हणजे मागची गाडी कळावी म्हणून समोरचा खड्डा बघायचा नाही! बीप वाजला की मी पडद्याकडे बघत नाही, हँडल घट्ट धरतो आणि सरळ चालवतो.

आणि हो, गाडी किती अंतर सोडून जाणार आहे हे रडारवर विसंबून ठरवू नका. ते 'येतेय' म्हणतं. घासून जाणार की लांबून, ते चालकाच्या मनात.

डबीवर पांघरूण

माझ्या एका मित्राचं रडार 'खराब' होतं. कधी दिसायच्या, कधी दिसायच्या नाहीत गाड्या. त्याने ते बदलून घेतलं. नवंही खराब निघालं. तेही बदलून घेतलं. तिसरंही तसंच, आणि तोवर त्याने ओळखीतल्या दहा जणांना ही वस्तू घेऊ नका म्हणून सांगून झालं होतं. मी दोन रविवार त्याच्या मागे सायकल चालवली. पहिल्या रविवारी सगळं ठीक. दुसऱ्या रविवारी पाऊस होता, आणि या गृहस्थांनी लांब शेपटीचा रेनकोट घातला होता. शेपटी बरोबर डबीवर येऊन चिकटलेली, चिंब भिजलेली. कोरड्या दिवशीही सॅडलबॅगेचा एक पट्टा आणि त्याची धातूची कडी डबीसमोर लोंबकळत असे, ते वेगळंच.

सायकलच्या रडारमध्ये सहसा २४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी असतात. या लहरीची लांबी जेमतेम सव्वा सेंटिमीटर. कोरडं पातळ कापड त्या पार करतात, पण पाण्यात त्या विरतात आणि धातूवर आपटून भलतीकडे जातात. म्हणजे ओला रेनकोट हा रडारसाठी बंद दरवाजा. कॅरिअरवरची पेटी, सायकलबरोबर आलेला लोखंडी मडगार्ड, भरून फुगलेली बॅग, सगळ्यांना हेच लागू. मित्राने शेपटी कमरेत खोचली आणि रडार 'दुरुस्त' झालं. त्या दहा जणांना त्याने हे कळवलं का, ते मी विचारलेलं नाही.

बसवताना डबी जमिनीशी काटकोनात हवी, आभाळाकडे किंवा टायरकडे तोंड करून नाही. सीटपोस्ट तिरका असतो, त्यामुळे बरोबर येणारा योग्य मापाचा रबराचा तुकडा वापरायचा असतो. तो तुकडा लोक खोक्यातच विसरतात. मी निघण्यापूर्वी सायकलपासून चार पावलं मागे जातो, वाकतो आणि डबीकडे मागच्या चालकाच्या नजरेने बघतो. रडार मला दिसत नसेल, तर मी रडारला दिसत नाही. या तपासणीला कुठलंही अॅप लागत नाही.

गर्दीत रडारचा हट्ट

सिग्नलमागून सिग्नल, रांगेत सरपटणारी वाहनं. इथे रडार एक तर अखंड वाजत राहतं किंवा सगळे एकाच वेगाने चाललेत म्हणून गप्प बसतं. दोन्हींचा उपयोग शून्य. अशा रस्त्यावर मी त्याला फक्त टेललाइट समजतो आणि डोळे, आरसा, मान यांवर चालतो. रडारची खरी जागा मोकळ्या, वेगवान रस्त्यावर आहे, जिथे वारा कानात घोंगावतो आणि मागची इलेक्ट्रिक कार ऐकूच येत नाही.

दिवा: जास्त उजेड म्हणजे जास्त सुरक्षा नव्हे

दिवसा दिवा लावायला लोकांना लाज का वाटते कळत नाही. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये सुमारे ३,८०० सायकलस्वारांवर प्रयोग झाला. निम्म्यांना सायकल चालू असताना कायम जळणारे दिवे दिले, बाकीच्यांना नाही. दिवेवाल्यांचे अपघात १९ टक्क्यांनी कमी भरले. 

रात्रीचं गणित मात्र उलटं. दिवसासाठीचा प्रखर लुकलुकणारा मोड अंधारात लावून फिरणारे मला दर आठवड्याला दिसतात. मागच्याचे डोळे दिपतात, आणि नुसता लुकलुकता दिवा किती लांब आहे हे अंधारात ताडता येत नाही, कारण दोन उघडझापींच्या मधल्या वेळात तो नसतोच. जर्मनीच्या वाहननियमांत सायकलच्या लुकलुकत्या दिव्याला परवानगीच नाही. मी एवढा कडक नाही. माझ्याकडे रात्री मागे दोन दिवे असतात: सीटपोस्टवर स्थिर, हेल्मेटच्या मागे मंद लुकलुकता. एक अंतर दाखवायला, एक लक्ष वेधायला. दुसऱ्याचा फायदा असा की एकाची बॅटरी गेली तर आपण अंधारात गडप होत नाही.

दिवा बॅगेच्या कापडी पट्टीला अडकवू नका. बॅग रिकामी झाली की तो मान टाकतो आणि रस्त्यावरची खडी उजळत बसतो.

कपड्यांबद्दल: फ्लोरोसंट पिवळं जॅकेट रात्री काही कामाचं नाही. तो रंग उन्हातल्या अतिनील किरणांवर चमकतो, आणि गाडीच्या दिव्यांत ते जवळजवळ नसतात. ऑस्ट्रेलियात बंद रस्त्यावर केलेल्या एका प्रयोगात चालकांनी रात्री काळ्या कपड्यांतल्या सायकलस्वाराला २ टक्के वेळा ओळखलं, फ्लोरोसंट जॅकेटवाल्याला १५ टक्के, परावर्तक जॅकेटवाल्याला ५० टक्के, आणि जॅकेटबरोबर घोटे व गुडघ्यांवर परावर्तक पट्ट्या बांधलेल्याला ९० टक्के वेळा. पाय वर-खाली होतात, आणि ती हालचाल माणसाची आहे हे मेंदूला लगेच कळतं. इथे रडारच्या किमतीचा अंशही लागत नाही, तरी लोक आधी रडार घेतात.

घाई

हे जरा तिखट होईल. सायकल घेऊन महिना झालेला, एका हाताने हँडल धरता येत नाही, मागे बघितलं की सायकल मीटरभर वाहवते, आणि विचारणा रडारची! मागे बघता येत नाही म्हणूनच रडार हवंय, असं एकाने मला तोंडावर सांगितलं. त्याला मी रिकाम्या मैदानात नेलं, खडूने रेघ मारली आणि रेघेवरून चाक न हलवता मागे बघून मी किती बोटं दाखवतोय ते सांग म्हटलं. पहिल्या दिवशी बोटं बरोबर, पण रेघ कुठल्या कुठे. युक्ती एवढीच की ज्या बाजूला बघायचं त्या बाजूचा खांदा सैल सोडायचा आणि हनुवटी खांद्याला टेकवायची, अख्खं धड वळवायचं नाही. चौथ्या दिवशी जमलं. रडार त्याने नंतर घेतलंच, पण आता बीप वाजला की तो मागे बघतो.

किरकोळ दोन गोष्टी. निघण्याआधी कॉम्प्युटरवर रडारची खूण खरंच दिसतेय का ते बघा. जोडणी तुटलेली असताना पडदा शांत असतो आणि शांत पडदा फार सुखाचा वाटतो. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट लावा, नाहीतर पहिल्या पावसातच पाणी आत जातं.

आणि गटाने निघालात तर सगळ्यांनी रडार लावून एकमेकांनाच गाड्या समजून बीप-बीप करत बसू नका. शेवटच्याचं चालू ठेवायचं, त्याने "गाडी!" म्हणून ओरडायचं, आणि त्याच्या पुढच्यांनी दिवा मंद करायचा. रेनकोटवाला तो माझा मित्र हल्ली शेवटचा असतो. पाऊस असला की निघण्याआधी मी त्याची शेपटी तपासतो.